आजोबांची कादंबरी, नातीचा आवाज

(धरमतर येथे वाचनप्रेमी श्रोत्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



धरमतर म्हटले की कोकणी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी खाडी येते. मुंबई-गोवा रस्ता आजच्यासारखा वाहता नव्हता, त्या काळी मुंबईहून निघालेला प्रवासी बोटीने धरमतरला उतरे आणि तेथून मोटारीने पेण, महाड असा पुढे जाई. अंबा नदीच्या भरती-ओहोटीवर माणसांची वेळापत्रके ठरत. याच खाडीकाठच्या अनेक घरांत चातुर्मास लागला की पोथी लागे. एक जण वाची आणि ओटीवर बसलेली दहा-वीस माणसे ऐकत. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना अक्षरओळख नसे. पण श्रीधरस्वामींच्या 'पांडवप्रतापा'त कोणत्या प्रसंगानंतर कोणता प्रसंग येतो, हे त्यांना वाचणाऱ्याच्या आधी ठाऊक असे. वाचणे म्हणजे मोठ्याने वाचणे आणि तेही दुसऱ्यासाठी वाचणे, असाच त्या पिढीचा समज होता. एकट्याने, ओठ न हलवता पुस्तक वाचायची सवय आपल्याकडे पुष्कळ उशिरा आली.

आजच्या भाषणाचा विषय आहे एका अभिनेत्रीची कारकीर्द. ही अभिनेत्री लिहिते आणि पुस्तके मोठ्याने वाचूनही दाखवते. अलीकडे कानाला यंत्र लावून पुस्तक ऐकण्याची पद्धत आली आहे, तिला ऑडिओबुक म्हणतात. मराठीत त्याच्या कितीतरी आधीपासून एक शब्द आहे, 'अभिवाचन'. या शब्दाला महाराष्ट्रात जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्यामागे पुण्यातील एका घराचे दीर्घकाळचे परिश्रम आहेत. ते घर वीणा आणि विजय देव यांचे आणि त्या घरची कन्या म्हणजे मृणाल कुलकर्णी.

मृणाल कुलकर्णी हे नाव या सभागृहात कोणाला सांगावे लागणार नाही. मोठ्यांना त्या 'स्वामी'तील रमाबाई म्हणून आठवतील. आज तिशी-पस्तिशीत असलेल्यांना त्या 'सोनपरी' म्हणून आठवतील आणि शाळकरी मुलांना दिग्पाल लांजेकर यांच्या शिवकालीन चित्रपटांतील जिजाऊ म्हणून. परंतु त्यांची ओळख इथे धरमतरला, वडखळ-पेणच्या मंडळींसमोर वेगळ्या कारणाने करून द्यावीशी वाटते. पेणहून पनवेलकडे निघाले की वाटेत कर्नाळ्याचा सुळका दिसतो. त्या सुळक्यावर आग्यामाशांची पोळी लटकतात आणि त्याच्या पायथ्याला ठाकरवाड्या आहेत. त्या डोंगराची, त्या ठाकरांची आणि त्या माशांची कादंबरी मराठीत आहे, 'जैत रे जैत'. ती १९६५ साली प्रसिद्ध झाली. तिचे लेखक गोपाल नीलकंठ दांडेकर, म्हणजे सर्वांचे गोनीदा. मृणाल कुलकर्णी या गोनीदांची नात.

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भात परतवाडा येथे झाला. तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने घर सोडलेला हा मुलगा पुढे गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिला, वेदान्ताचे अध्ययन करून आला, नर्मदेची परिक्रमा करून आला आणि अखेर तळेगाव दाभाडे येथे स्थिरावला. त्यांच्या 'स्मरणगाथे'ला १९७६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आणि १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हे सारे ग्रंथांत नोंदलेले आहे. इथे लक्षात घ्यायची बाब अशी की, हा लेखक मुळात कानाने शिकलेला होता. कीर्तन, प्रवचन, चालता चालता ऐकलेल्या बोली, धर्मशाळेतल्या गप्पा हीच त्याची शाळा. म्हणून त्याच्या कादंबऱ्यांतील माणसे बोलताना छापील मराठी बोलत नाहीत. 'पडघवली'तली अंबूवहिनी आपल्या गावाची कहाणी स्वतःच सांगते आणि सारे पुस्तक तिच्या बोलण्यातून उलगडत जाते. 'शितू'तली खाडीकाठची माणसे त्यांच्या बोलीत भांडतात, रुसतात. 'जैत रे जैत'मधला नाग्या ढोलिया ठाकरांच्या बोलीत देवाशी वाद घालतो. अशी पुस्तके डोळ्यांनी वाचली की निम्मी कळतात.

ही गोष्ट गोनीदांच्या कन्येने, वीणा देव यांनी ओळखली. त्या पुण्यात मराठीच्या प्राध्यापिका होत्या. त्यांचे यजमान विजय देव हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक, स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य आणि दुर्गांचे जाणकार अभ्यासक. १९७५ च्या सुमारास, गोनीदांच्या हयातीतच, या मंडळींनी त्यांच्या कादंबऱ्यांचे जाहीर अभिवाचन सुरू केले. प्रारंभीच्या वाचनांत ज्ञानदेवांवरील 'मोगरा फुलला' ही कादंबरी होती. पुढे कन्या मृणाल आणि जावई रुचिर कुलकर्णी त्यात सामील झाले आणि चार जणांचा तो संच गावोगावी जाऊ लागला. शेकडो प्रयोग झाले. नाटक कंपनीसारखा पसारा नाही, नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. रंगमंचावर बसलेली चार माणसे, हाती कागद, समोर ध्वनिक्षेपक आणि दोन-अडीच तास एक कादंबरी.

हे काम बाहेरून जितके सोपे दिसते तितके ते सोपे नसते. दोन-अडीचशे पानांची कादंबरी दोन तासांत बसवायची तर तिचा मोठा भाग वगळावा लागतो. काय वगळायचे हे ठरवणे म्हणजेच समीक्षा. निसर्गवर्णनाचा परिच्छेद गाळला तर वेळ वाचतो. पण गोनीदांच्या बाबतीत डोंगर हेच एक पात्र असते, ते गाळून चालत नाही. संवाद कोणी वाचायचा, निवेदन कोणी करायचे, एकाच वाचकाच्या वाट्याला दोन पात्रे आली तर ती आवाजाच्या कोणत्या पट्टीत वेगळी करायची, हे सारे आधी बसवावे लागते. आणि सर्वांत अवघड म्हणजे अभिनय किती करायचा. थोडा अधिक केला की ते बसून केलेले नाटक होते, श्रोता वाचणाऱ्याकडे पाहू लागतो आणि कादंबरी मागे पडते. थोडा कमी केला की ते शाळेतले प्रकटवाचन होते. देव मंडळींनी ही मधली वाट दीर्घकाळ सांभाळली, हे त्यांचे मोठेच काम म्हटले पाहिजे.

आता कल्पना करा, अशा घरात वाढलेली मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहते.

१९८७ साली दूरदर्शनवर 'स्वामी' ही मालिका आली. रणजित देसाई यांच्या कादंबरीवर आधारलेली, गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केलेली. माधवराव होते रवींद्र मंकणी आणि रमाबाई होत्या मृणाल देव. तेव्हा त्या शाळा-महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर होत्या. ज्यांनी ती मालिका त्या काळी पाहिली, त्यांना रमेचे दागिने वा नऊवारी आठवत असेल, परंतु त्याहून अधिक तिचे बोलणे आठवते. वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडण्याची, शब्द न चावता पूर्ण उच्चारण्याची ती पद्धत त्या वयाच्या नवोदित मुलीला अभिनयाच्या एखाद्या शिबिरात मिळत नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवरावांचे निधन झाले आणि रमाबाई सती गेल्या, ही इतिहासातील अत्यंत अवघड घटना. अशा भूमिकेत रडणे सोपे असते. न रडता बोलणे कठीण असते. ती भूमिका लोकांच्या घरात जाऊन बसली ती या संयमामुळे.

विशेष म्हणजे या यशानंतर त्यांनी लगेच अभिनय हा व्यवसाय मानला नाही. विद्येचा मार्ग धरून संशोधन करावे असा त्यांचा विचार होता. १९९४ च्या सुमारास त्यांनी अभिनयाला पूर्णपणे वाहून घेतले. हिंदी दूरचित्रवाणीवर त्या 'द ग्रेट मराठा'मध्ये अहिल्याबाई होळकर झाल्या, पुढे मीरा झाल्या, द्रौपदी झाल्या. २००० साली 'सोनपरी' सुरू झाली आणि चार वर्षे घराघरांतील मुले संध्याकाळी दूरचित्रवाणीसमोर बसली. त्याच काळात मराठीत 'अवंतिका' आली. स्नेहलता दसनूरकर यांच्या कथानकावरची, स्मिता तळवलकर यांची निर्मिती असलेली ही मालिका त्या काळी मध्यमवर्गीय कुटुंबांत सहकुटुंब पाहिली गेली. या सर्व मालिकांचे मूल्य एकसारखे नाही. पौराणिक मालिकांतून पुष्कळदा मुकुट बोलतो आणि माणूस गप्प राहतो. त्यातून कोणतीही अभिनेत्री सर्वस्वी सुटत नाही. पण एका गोष्टीची नोंद घ्यायला हवी. हिंदीत एवढे काम करूनही त्यांच्या मराठीला हिंदीचा वास लागला नाही. आजच्या कित्येक गुणी मराठी नटनट्यांविषयी हे म्हणता येत नाही, याचे वाईट वाटते.

२००८ साली स्टार प्रवाह वाहिनीवर 'राजा शिवछत्रपती' ही मालिका आली आणि त्या जिजाबाई झाल्या. पुढे 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२), 'सुभेदार' (२०२३) या चित्रपटांतूनही जिजाऊ त्याच राहिल्या. एका ऐतिहासिक व्यक्तीला पंधरा वर्षे एकाच अभिनेत्रीचा आवाज मिळावा, ही आपल्याकडे दुर्मीळ घटना आहे. 'काश्मीर फाइल्स'मध्येही (२०२२) त्यांची भूमिका होती. गोनीदा हे गडकोटांचे वेडे. 'हे तो श्रींची इच्छा', 'झुंजार माची', 'दर्याभवानी', 'बया दार उघड' अशा शिवकालीन कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्यांच्या नातीने जिजाऊ साकारताना तो काळ पाठ्यपुस्तकातून शोधून काढावा लागला नसणार. तो घरातच होता.

त्यांची लेखिका-दिग्दर्शिका म्हणून जी वाटचाल आहे, तिच्याकडे मात्र समीक्षकांनी म्हणावे तितके लक्ष दिलेले नाही. मराठीत अभिनेत्रींनी लिहिण्याची परंपरा जुनी आहे. शांता आपटे यांनी १९४० साली 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून त्या क्षेत्रातील शोषणावर बोट ठेवले. हंसा वाडकरांनी 'सांगत्ये ऐका'मध्ये आपले आयुष्य तोंडी सांगितले आणि अरुण साधू यांनी ते शब्दबद्ध केले. शीर्षकातच ऐकणे आहे. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, स्नेहप्रभा प्रधान, लालन सारंग यांनी आत्मपर लेखन केले. यांपैकी बहुतेकींनी लिहिले ते कारकिर्दीच्या उत्तरार्धात, मागे वळून पाहताना. मृणाल कुलकर्णी यांनी काम चालू असतानाच लेखणी हाती धरली. 'मेकअप उतरवताना' हे त्यांचे पुस्तक. नावच पुरेसे बोलके आहे. मग २०१३ साली 'प्रेम म्हणजे प्रेम म्हणजे प्रेम असतं' हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. २०१४ साली 'रमा माधव', २०१९ साली 'ती अँड ती' आणि २०२२ साली 'सहेला रे'.

यांतील 'रमा माधव'पाशी थोडे थांबले पाहिजे. ज्या मुलीने १९८७ साली रमा साकारली, तिनेच सत्तावीस वर्षांनी ती कथा नव्याने लिहून पडद्यावर आणली. माधवराव झाले आलोक राजवाडे आणि रमा झाली पर्ण पेठे. आणि दिग्दर्शिकेने स्वतःसाठी कोणती भूमिका ठेवली? गोपिकाबाईंची. म्हणजे सुनेची भूमिका केलेली अभिनेत्री सासू झाली. जुन्या 'स्वामी'तील माधवराव, म्हणजे रवींद्र मंकणी, यांना त्यांनी नानासाहेब पेशव्यांची भूमिका दिली. पूर्वीचा पुत्र आता पिता झाला. ज्याने दोन्ही कलाकृती पाहिल्या आहेत त्याला ही रचना मोहून टाकते. चित्रपटात वाडे, शालू, दिव्यांच्या ओळी यांची थोडी गर्दी झाली आहे, हे मान्य. पण लहान वयाच्या रमेला शनिवारवाड्यात शिस्त शिकवणाऱ्या, पुढे पानिपतात पुत्र गमावलेल्या गोपिकाबाईंकडे सहानुभूतीने पाहण्याचे धैर्य लेखिकेने दाखवले. आपल्या कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी या स्त्रीला बहुधा खलनायिकाच ठरवले होते. एकच कथा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचणाऱ्याला हा फायदा होतो. आज ज्या पात्राचे संवाद आपण वाचतो, उद्या त्याच्या विरोधकाचे वाचावे लागतात.

आता पुन्हा वाचनाकडे वळू.

पुस्तके ध्वनिमुद्रित करण्याची कल्पना पाश्चात्त्य देशांत अंधांसाठी जन्मली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक ब्रेल शिकायला तयार नसत वा त्यांना ते जमत नसे. १९३४ साली अमेरिकेत आणि १९३५ साली ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी आणि इतर दृष्टिहीनांसाठी 'बोलकी पुस्तके' निघाली. एक कादंबरी ऐकायची तर तबकड्यांचा गठ्ठा लागे. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये दोन तरुण मुलींनी कवींना त्यांच्याच आवाजात मुद्रित करणारी संस्था काढली. त्यानंतर ध्वनिफीत आली, चकती आली आणि शेवटी भ्रमणध्वनी आला. स्वीडनमधील स्टोरीटेल ही कंपनी २०१७ साली भारतात आली ती मराठी सोबत घेऊन आली. तेव्हापासून मराठी कादंबऱ्या आवाजात उतरवण्याच्या कामाला वेग आला आणि रंगभूमीवरच्या, मालिकांतल्या अनेक कलावंतांना एक नवे काम मिळाले.

या नव्या कामात कलावंताची कसोटी कुठे लागते? चेहरा नाही, हात नाहीत, प्रेक्षागृहातील शांतताही नाही. काचेच्या खोलीत एकट्याने बसायचे. पोटातली गुरगुर आणि पान उलटल्याचा आवाजही यंत्र पकडते, त्यामुळे पुन्हा वाचावे लागते. ऐकणाऱ्याला तासभर मिळते, त्यामागे वाचणाऱ्याचे कित्येक तास असतात. सोमवारी ज्या आवाजात नायिका बोलली, त्याच आवाजात ती पुढच्या गुरुवारीही बोलली पाहिजे. नाटकात दोन तास टिकवायचा तोल इथे पंधरा-पंधरा दिवस टिकवावा लागतो. म्हणूनच चांगला नट हा चांगला वाचक असतोच असे नाही. अलीकडच्या काही ध्वनिपुस्तकांत पार्श्वसंगीताचा भडिमार असतो आणि वाचणारा प्रत्येक उद्गारचिन्हापाशी किंचाळतो. अशा वेळी देव-कुलकर्णी मंडळींची साधी बैठक आठवते.

मराठीपुरता आणखी एक मुद्दा आहे आणि तो या परंपरेचे महत्त्व खऱ्या अर्थाने सांगतो. आपली देवनागरी लिपी जसे बोलू तसे लिहिते, असा आपल्याला अभिमान असतो. तो सर्वस्वी खरा नाही. 'जग' हा शब्द घ्या. जग म्हणजे विश्व, यातला ज तालव्य. जग म्हणजे जिवंत राहा, यातला ज दंत्य. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य, तिथेही तेच. कागदावर दोन्ही एकच दिसतात. फरक सांगतो तो फक्त आवाज. अनुस्वारांचेही तसेच. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि लेखनातून बरेचसे अनुच्चारित अनुस्वार गेले. सोय झाली, यात शंका नाही. पण कोकणातल्या कित्येक घरांत ते अनुस्वार नाकातून उच्चारले जातच होते. छापील पानावर त्यांची खूण उरली नाही, ते केवळ जिभेवर उरले. आता ज्या मुलांनी आजीचे बोलणे ऐकलेलेच नाही, त्यांनी 'पडघवली' डोळ्यांनी वाचली तर अंबूवहिनी त्यांना कोणत्या आवाजात ऐकू येणार? वर्तमानपत्राच्या आवाजात. तिथे कादंबरी संपते.

म्हणून अभिवाचनाकडे करमणूक म्हणून पाहणे पुरेसे नाही. शब्दकोशात शब्दाचा अर्थ मिळतो, त्याचा हेल मिळत नाही. हेल माणसाकडून माणसाकडे जातो. गोनीदांनी तो गावोगावच्या माणसांकडून घेतला, वीणाताईंनी तो वडिलांकडून घेतला आणि मृणाल कुलकर्णींनी आजोबा व आई या दोघांकडून घेतला. या साखळीत एक योगायोगही आहे. त्यांचे सासरे जयराम कुलकर्णी, ज्यांना आपण मराठी चित्रपटांतील पोलीस अधिकारी आणि सज्जन वडील म्हणून ओळखतो, ते मुळात पुणे आकाशवाणीवर काम केलेले गृहस्थ. म्हणजे माहेर अभिवाचनाचे आणि सासर नभोवाणीचे.

या क्षेत्रातले त्यांच्याआधीचे सर्वांत जवळचे उदाहरण शोधायचे तर सुनीता देशपांडे यांच्याकडे जावे लागते. रत्नागिरीत जन्मलेल्या, बेचाळीसच्या लढ्यात उतरलेल्या सुनीताबाईंनी रंगभूमीवर आणि पडद्यावर भूमिका केल्या. १९४८ सालच्या 'वंदे मातरम्' या चित्रपटात त्या पु. लं.सोबत होत्या. १९९० साली 'आहे मनोहर तरी' लिहून त्यांनी मराठी वाचकाला हलवून सोडले. आणि पु. लं.सह बा. भ. बोरकर व बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितांचे जाहीर वाचन केले. अभिनय, लेखन आणि वाचन या तिन्ही गोष्टी एका स्त्रीत एकत्र आल्या. फरक इतकाच की सुनीताबाईंनी अभिनय लवकर मागे ठेवला. मृणाल कुलकर्णींनी तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू ठेवल्या, त्यात संसार, मालिकांचे चौदा-चौदा तासांचे चित्रीकरण आणि दिग्दर्शनाची दगदग. मालिकेच्या कामातून मिळणारा पैसा आणि प्रसिद्धी पाहता, एखाद्या तालुक्याच्या गावी जाऊन बसून कादंबरी वाचण्याचे व्यावहारिक कारण काहीच नसते. तरीही त्या वाचत राहिल्या. त्यांच्या कारकिर्दीत याला बाजूचा छंद म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक मूळ तेच आहे आणि मालिका-चित्रपट हा त्याचा विस्तार आहे, असे मानायला पुष्कळ आधार सापडतो.

आता चिंतेची बाजू. ११ एप्रिल २०१९ रोजी विजय देव गेले. १७ मार्च २०२० रोजी जयराम कुलकर्णी गेले. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वीणा देव गेल्या. रंगमंचावरच्या चार आसनांपैकी दोन रिकामी झाली. कादंबऱ्या ग्रंथालयांत आहेत, त्यांच्या आवृत्त्या निघतात. मृणाल यांचे चिरंजीव विराजस कुलकर्णी हे नाटक-मालिकांतील अभिनेते, लेखक आणि दिग्दर्शक आहेत. स्नुषा शिवानी रांगोळे याही अभिनेत्री आहेत. म्हणजे घरात चौथी पिढी बोलणारी आहे. पण पणजोबांच्या ठाकरी, कुणबी, चित्पावनी संवादांचा हेल एका घराने किती पिढ्या एकट्याने वाहायचा? हे ओझे समाजाने वाटून घ्यायचे असते.

कर्नाळा इथून फार लांब नाही. 'जैत रे जैत'वर १९७७ साली जब्बार पटेल यांनी चित्रपट काढला. स्मिता पाटील आणि मोहन आगाशे त्यात होते आणि त्याची ना. धों. महानोरांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेली गाणी आजही वाजतात. चित्रपटामुळे चिंधी आणि नाग्या अजरामर झाले. पण मूळ पुस्तकातील ठाकरी बोली पायथ्याच्या वाड्यांतली किती मुले आज पूर्ण ओळखतील? आणि ठाकरी बोलीला निदान गोनीदा मिळाले. धरमतर-पेणच्या खारभूमीवर, मिठागरांवर, भातशेतीवर बोलली जाणारी आगरी बोली घ्या. तिच्यात गाणी आहेत, लग्नातली धवले आहेत, हजरजबाबी म्हणी आहेत. धवलारिणी ती गाणी तोंडपाठ म्हणतात. त्यांतल्या ज्यांचे वय झाले आहे, त्यांच्यासमोर बसून ऐकणारे आणि ऐकलेले टिपून ठेवणारे कोणी हवे. पूर्वी त्यासाठी पुण्या-मुंबईहून यंत्रे आणि माणसे आणावी लागत. आता प्रत्येकाच्या खिशातल्या भ्रमणध्वनीत ते यंत्र आहे.

देव मंडळींनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याजवळ तेही नव्हते. घरातील दोन-तीन माणसे, वडिलांचे एक पुस्तक आणि समोर ऐकायला बसलेले शेजारीपाजारी, एवढ्यावर असे वाचन सुरू होऊ शकते. पेणला, नागोठण्याला, पोयनाडला वाचनालये आहेत आणि त्यांत गोनीदा कपाटात आहेत. 'शितू' फार मोठी कादंबरी नाही. दोन बैठकांत ती मोठ्याने वाचून होते. निवेदनाला एक आवाज, विसूला एक, अप्पांना एक. शितूसाठी मात्र जिने खाडीचे पाणी रोज पाहिले आहे अशी या काठावरचीच एखादी मुलगी निवडावी.